ठाण्यात सहकाऱ्यांसाठी खजिनाशोध: माणसे खरोखर जवळ यावीत यासाठी आखणी कशी करावी?

वागळेकर (प्रश्न)

नमस्कार. वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यालयात गेल्या वर्षी दोन विभाग एकत्र करण्यात आले. आता आम्ही सुमारे ३५ जण आहोत, परंतु निम्मी मंडळी आठवड्यातील बहुतेक दिवस घरून काम करत असल्यामुळे एकमेकांना पडद्यावरच्या चौकटीपलीकडे फारसे ओळखत नाहीत. जेवणाच्या सुट्टीतही जुन्या विभागाची माणसे जुन्या विभागाच्याच टेबलाशी बसतात. जानेवारीतील एखाद्या शनिवारी सकाळी सर्वांना बाहेर काढून खजिनाशोधाचा कार्यक्रम करावा असे ठरले आहे आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

याआधी एका विश्रामगृहात असाच कार्यक्रम बाहेरच्या आयोजकांकडून करवून घेतला होता. तेव्हा प्रत्येक गटातील एक-दोन चपळ माणसांनी सगळी कोडी सोडवली आणि बाकीचे त्यांच्या मागून चालत राहिले. बक्षीस मिळालेल्या गटातील एका सहकाऱ्याने नंतर मला सांगितले की आपल्याला नेमके काय सापडले हेच त्याला कळले नव्हते. तसे पुन्हा होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमच्यात २२ वर्षांच्या प्रशिक्षणार्थींपासून निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या लेखापालांपर्यंत सर्व वयांची माणसे आहेत. एका ज्येष्ठ भगिनींना गुडघ्याच्या त्रासामुळे फार चालता येत नाही आणि चार जणांना मराठी वाचता येत नाही. गट केवढे असावेत, कोडी कशी रचावीत, जुने ठाणे निवडावे की नवी मुंबई, आणि शर्यतीचे स्वरूप येऊ न देता उत्साह कसा टिकवावा, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर मार्गदर्शन करावे ही विनंती.

अक्षरवाट

वागळेकर ताई, आपण वर्णन केलेला प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि त्यात त्या चपळ माणसांचा दोष नसतो. कोडे एका कागदावर लिहून गटाच्या हाती दिले की जो सर्वांत आधी वाचतो तोच ते सोडवतो. इतरांना करण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे: कोणतेही कोडे एकट्या माणसाला सुटता कामा नये, अशी रचना आयोजकाने आधीच करून ठेवली पाहिजे. ‘सगळ्यांनी सहभागी व्हा’ असे सांगून माणसे सहभागी होत नाहीत. आपल्यावाचून गट अडला आहे हे दिसले की ती आपोआप पुढे येतात.

गटाच्या आकाराबद्दल आधी लिहितो. फ्रान्समधील कृषी-अभियंते माक्स रिंगेलमन यांनी दोरी ओढण्याचे प्रयोग केले होते आणि त्यांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोरीला हात लावणारी माणसे वाढली की एकूण जोर वाढतो, परंतु प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी होत जातो, असे त्यांना आढळले. खजिनाशोधातही आठ-दहा जणांचा गट केला की तिघे-चौघे आपसूक प्रेक्षक होतात. आपण ३५ जण असाल तर पाच-पाच जणांचे सात गट करावेत, आणि प्रत्येक गटात दोन्ही जुन्या विभागांची माणसे येतील हे चिठ्ठ्या टाकून न ठरवता स्वतः यादी हाती घेऊन ठरवावे.

आता कोड्यांविषयी. स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठीच्या काल्पनिक उमेदवारांमधून योग्य उमेदवार निवडण्याचे काम त्यांनी चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना दिले होते. काही गटांत थोडी माहिती सर्वांना सारखी दिली होती, तर काही महत्त्वाची माहिती एकेकट्याकडेच ठेवली होती. अशा गटांनी बहुतांशी जे सर्वांना ठाऊक होते त्यावरच चर्चा केली, एकेकट्याकडची माहिती फारशी पुढे आलीच नाही, आणि सर्व माहिती एकत्र मांडली असती तर जो उमेदवार उघडच सरस ठरला असता तो बाजूला राहिला. कार्यालयातील बैठकांमध्येही नेमके हेच घडते. खजिनाशोधाचा खरा उपयोग ही सवय मोडण्यासाठी करून घेता येतो.

एक नमुना देतो. प्रत्येक ठाण्यावर, म्हणजे मार्गातील प्रत्येक थांब्यावर, गटाला पाच बंद चिठ्ठ्या मिळाव्यात, प्रत्येकाला एक. नियम एवढाच की आपली चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. पहिल्या चिठ्ठीत लिहावे: ‘बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी आगगाडी धावली ते साल मला हवे आहे.’ दुसरीत: ‘त्यानंतर १० वर्षांनी ठाण्याची नगरपालिका झाली.’ तिसरीत: ‘नगरपालिकेनंतर ३० वर्षांनी माझा जन्म झाला.’ चौथीत: ‘महिना जून, तारीख पहिली.’ पाचवीत: ‘माझ्याकडची वस्तू घरी नेता येते, परंतु ती परत आणून द्यावी लागते.’ आगगाडीचे साल १८५३, नगरपालिकेचे १८६३, म्हणजे हवी असलेली तारीख १ जून १८९३. त्या दिवशी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली आणि पुढचे ठाणे तेच. एकही चिठ्ठी वगळली तर वाट सापडणे कठीण होते. भ्रमणध्वनी वापरण्यास बंदी घालण्याचीही गरज उरत नाही, कारण पाच जणांनी मिळून तारीख काढल्याशिवाय फोनला विचारायचे काय, हेच कोणाला ठाऊक नसते.

ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी केवळ भाषांतराची सोय करून थांबू नये. त्यांच्या गटातील एखादी महत्त्वाची चिठ्ठी मुद्दाम त्यांच्याच मातृभाषेत, उदाहरणार्थ तमिळमध्ये किंवा मल्याळममध्ये, लिहून घ्यावी. त्या क्षणी ती व्यक्ती गटातील सर्वांत आवश्यक व्यक्ती होते, आणि आजवर तिच्याशी कामापुरते बोलणारी माणसे तिच्याभोवती गोळा होतात.

जुने ठाणे

वरील प्रतिसादाशी पूर्णपणे सहमत आहे. मी नौपाड्यात राहतो, त्यामुळे जागांविषयी लिहितो. माझ्या मते मासुंदा तलावाचा परिसर, म्हणजे आपली तलावपाळी, या कार्यक्रमासाठी उत्तम आहे, कारण चालत जाता येईल अशा अंतरात शहराच्या इतिहासाचे अनेक थर सापडतात आणि थकलेल्या माणसाला काठावर बसायला जागा मिळते.

राम गणेश गडकरी रंगायतन तलावाच्या काठावरच आहे. त्यासाठी ‘कविता लिहिताना गोविंदाग्रज, विनोद लिहिताना बाळकराम, आणि नाटकांना स्वतःचे नाव, त्या नावाच्या दारात या’ एवढा संकेत पुरेसा आहे, तो वर सुचवल्याप्रमाणे पाच चिठ्ठ्यांत विभागावा. कौपिनेश्वर मंदिर जवळच आहे. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून ठाणे घेतले आणि पुढे पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चही तलावापासून दूर नाही. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे मुळात पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला. मात्र तेथे ठाणे ठेवू नये आणि त्याची छायाचित्रेही काढू नयेत, सुरक्षेचा प्रश्न असतो. त्याऐवजी तलावाच्या काठी बसवून गटाला दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांची हकिगत सांगावी. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी त्यांना याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते आणि १८१६ मध्ये ते तेथून निसटले. सांगतात ते असे की खिडकीखाली घोड्याची निगा राखणारा एक मराठा मोतद्दार गाणे म्हणत असे आणि त्या गाण्यातूनच सुटकेचा बेत आत पोहोचत असे. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नसल्यामुळे कोणाला संशय आला नाही. सर्वांच्या देखत पोहोचवलेला हा गुप्त निरोप ऐकल्यावर गटाला पुढचा संकेत गाण्याच्या ओळींतून द्यावा. हे ठाणे माणसांच्या सर्वांत जास्त लक्षात राहील याची मला खात्री वाटते.

वाराचा विचार अवश्य करावा. टेंभी नाक्यावरील ज्यू प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे आणि ठाण्यातील बेने इस्रायली समाजाची आठवण म्हणून ते मार्गात असावे असे कोणालाही वाटेल. परंतु शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, असतो. आपला कार्यक्रम शनिवारी असल्यामुळे तेथे गटांची वर्दळ होऊ देणे योग्य नाही. रविवार निवडला तर हीच अडचण चर्चच्या बाबतीत येते आणि सोमवारी कौपिनेश्वराला गर्दी असते. कोणत्याही प्रार्थनास्थळाच्या आत ठाणे ठेवू नये, बाहेरूनच संकेत पुरा व्हावा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. डबा, पिशवी, कुलूपबंद पेटी असे काहीही कठड्याखाली किंवा झाडाच्या बुंध्याशी ठेवून देऊ नये. बेवारस वस्तू दिसली की जागरूक नागरिक पोलिसांना कळवतात आणि त्यांनी ते कळवायलाच हवे. प्रत्येक ठाण्यावर आपला एक माणूस उभा करावा, किंवा ओळखीच्या दुकानदाराकडे पाकिटे ठेवावीत. त्या हद्दीतील पोलिस ठाण्यात तारीख, वेळ, मार्ग आणि संपर्क क्रमांक लिहिलेले साधे पत्र आधीच देऊन ठेवणे चांगले.

कोनशिलेवरील किंवा पाटीवरील आकड्यांवर संकेत बेतणार असाल तर आदल्या संध्याकाळी पुन्हा एक फेरी मारावी. आपल्याकडे एका रात्रीत वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फलक नेमका त्या पाटीसमोर उभा राहतो, दोऱ्या विजेच्या खांबाला बांधलेल्या असतात आणि पाटीवरील शेवटचे दोन आकडे तेवढे फलकामागून दिसत राहतात. अशा प्रत्येक संकेतासाठी एक पर्यायी संकेत पाकिटात तयार असावा. जांभळी नाक्याच्या बाजूला भाजीबाजारामुळे सकाळीच पदपथ भरलेले असतात, तेव्हा मार्ग तिकडून न नेता साडेसातला सुरुवात करून उन्हाआधी आटोपावे.

सावकाश चालणारी

मला स्वतःला लांब चालणे जमत नाही, म्हणून त्या ज्येष्ठ भगिनींच्या बाजूने लिहिते. बहुतेक आयोजक अशा व्यक्तीला ‘तुम्ही शेवटच्या ठिकाणी बसून गुण मोजा’ असे सांगतात. हेतू चांगला असतो, परंतु त्याचा अर्थ ‘तुम्ही गटात नाही’ असाच होतो. कृपया तसे करू नये. त्यांना काय जमेल आणि काय आवडेल हे आयोजकांनी परस्पर न ठरवता आधी त्यांनाच एकांतात विचारावे.

ठरावीक क्रमाने सर्व ठाणी पूर्ण करण्याची सक्तीही मला पटत नाही. नकाशा वाचत ठिकाणे शोधण्याच्या ओरिएंटीअरिंग या खेळात एक प्रकार असा आहे की वेळ सर्वांना सारखी असते, नकाशावरील प्रत्येक ठिकाणाला वेगवेगळे गुण असतात आणि कोणत्या ठिकाणी जायचे हे गटाने स्वतः ठरवायचे असते. त्यामुळे एखादा गट जवळची परंतु अवघड कोडी निवडू शकतो, तर दुसरा लांबची आणि सोपी. सावकाश चालणारे माणूस गटावर ओझे ठरत नाही, कारण त्याचा विचार गटाच्या बेतात सुरुवातीलाच होतो. शिवाय ‘कुठे जायचे आणि काय सोडून द्यायचे’ ही चर्चाच माणसांना एकमेकांची ओळख करून देते. उशिरा पोहोचणाऱ्या गटाचे गुण कापले जावेत, परंतु धावण्यास स्पष्ट मनाई असावी, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत माणसे रस्ता ओलांडताना घाई करतात.

पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि बसण्याची जागा कोठे आहे हे नकाशावर ठळकपणे छापावे. ही माहिती विचारावी लागणे अनेक स्त्रियांना संकोचाचे वाटते.

नेरूळकर

नवी मुंबईचा पर्यायही पाहावा असे सुचवतो. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईमध्ये धारण तलावाभोवती चालण्याचा सपाट मार्ग आहे, वाहनांचा त्रास नाही आणि सगळे गट एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात राहतात. येथे ठाण्यासारखी जुनी वास्तू नाही, म्हणून संकेत निरीक्षणावर बेतावे लागतात: झाडे, पक्षी, पाण्याची पातळी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. खाडीलगतच्या सखल जमिनीवर शहर वसवताना भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवायचे आणि ओहोटीला सोडून द्यायचे यासाठी हे धारण तलाव बांधले गेले. ‘हा तलाव भरतीला दार लावून घेतो आणि ओहोटीला उघडतो, ते का?’ हा प्रश्न अभियंत्यांपासून लेखापालांपर्यंत सर्वांना विचार करायला लावतो.

बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेजही अनेकांच्या मनात येईल. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी लहान सामाईक अंगणाभोवती सात-सात घरे अशी त्याची रचना केली आणि ती पाहण्यासारखी आहे. परंतु ती अंगणे तेथे राहणाऱ्यांची आहेत, ३५ जणांनी कोडी सोडवत तेथे फिरू नये.

वागळेकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी आमच्या त्या भगिनींशी बोलले. त्यांना गटातच राहायचे आहे, आणि त्यांचे बालपण खारकर आळीत गेल्यामुळे जुन्या ठाण्याचा परिसर मिळाला तर त्यांना फार आनंद होईल, असे त्या म्हणाल्या. त्यामुळे तलावपाळी निश्चित करत आहे. दोन शंका उरतात. सातही गट एकाच वेळी निघाले तर मागचा गट पुढच्याचे पाहून चालू लागेल, हे कसे टाळावे? आणि बक्षीस एकाच गटाला दिले तर पुन्हा जुनीच तक्रार येईल, बक्षीस ठेवलेच नाही तर तरुण मंडळी हिरमुसतील. यातून मार्ग काय?

अक्षरवाट

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. मार्ग वर्तुळाकार ठेवावा, सात गटांना सात वेगवेगळ्या ठाण्यांवरून सुरुवात करू द्यावी आणि प्रत्येक ठाण्यावरचा संकेत नेहमी त्याच्या पुढच्या ठाण्याकडे नेणारा असावा. चिठ्ठ्यांचा मजकूर मग सर्वांसाठी एकच राहतो आणि कोणीही कोणाच्या मागे नसते. ‘सावकाश चालणारी’ यांचा मुद्दाही यात सांभाळता येतो: सातपैकी कोणतीही पाच ठाणी पूर्ण केली तरी पुरे असे जाहीर करावे आणि वगळलेल्या ठाण्यावरचा संकेत तेथे न जाता आयोजकाकडून फोनवर मिळावा. एखादा गट दहा मिनिटे अडला तर त्याने मदतीचे पाकीट उघडावे, त्यासाठी दंड नसावा. आपल्याला माणसे अडवायची नाहीत, बोलती करायची आहेत.

बक्षिसाबद्दल माझे मत ठाम आहे. फेरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक गटाला शेवटी एकच अक्षर द्यावे: त, ला, वां, चे, श, ह, र. रंगायतनापाशी सर्व गट जमल्यावर सातही अक्षरे एकत्र मांडली की ‘तलावांचे शहर’ हे शब्द तयार होतात आणि तेच शब्द सांगितल्यावर खजिना, म्हणजे सर्वांची न्याहारी, मिळते. कोणत्या गटाकडे कोणते अक्षर आहे हे आधी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून पहिल्या आलेल्या गटाला शेवटच्या गटाची वाट पाहावीच लागते, आणि मी पाहिले आहे की तेव्हा ती तरुण मंडळीच उठून मागे राहिलेल्यांना शोधायला जातात. त्यांच्या हौसेसाठी लहान लहान बक्षिसे वेगळी ठेवावीत, परंतु ती वेगासाठी नसावीत. ‘ज्या गटाने सर्वांत उशिरा बोललेल्या माणसाचे सर्वांत आधी ऐकले’ अशा गोष्टींसाठी असावीत आणि त्याची नोंद ठाण्यावर उभ्या असलेल्या माणसाने करावी.

न्याहारीपूर्वी वीस मिनिटे राखून ठेवावीत आणि प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारावा: कोणत्या चिठ्ठीकडे तुमचे लक्ष सर्वांत उशिरा गेले, आणि ती कोणाच्या हातात होती? ‘कसे वाटले?’ असे विचारले तर ‘छान वाटले’ एवढेच उत्तर येते. या प्रश्नावर मात्र माणसे एकमेकांकडे पाहून उत्तर देतात.

रंगीत तालीम अवश्य करावी आणि ती संकेत लिहिणाऱ्या व्यक्तीने करू नये. या आखणीत अजिबात नसलेले चार-पाच जण, शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या कार्यालयातील, आधीच्या शनिवारी त्याच वेळी त्याच मार्गावर पाठवावेत आणि आपण त्यांच्याबरोबर न बोलता चालावे. ते जेथे थबकतील तेथील चिठ्ठी पुन्हा लिहावी. तालमीची तारीख ठरली की कळवा, ताई. शनिवारी सकाळी मी तलावपाळीवर येऊ शकेन.